पैज हरलोय, दोन किलो कुंदा फ्रीजमध्ये पडलाय, आता द्यायचा कसा?

शहापूरचा_निळा
८ जून २०२५, रात्री ११.२०

मंडळी, प्रश्न एका ओळीचा हाय खरं आधी आठवड्याची सगळी भानगड सांगावी लागणार, नाहीतर तुम्ही म्हणणार एवढ्या कुंद्यासाठी कशाला धागा काढलास, तर थोडं सोसून घ्या. (कुंदा म्हणजे आमच्या बेळगावची खव्याची मिठाई.)

मी आयपीएलला मुंबई इंडियन्सवाला, बेळगाव शहापूरचा. आमचा एक दोस्त हाय, गल्लीत सगळे तेला अण्णा म्हणतात, वयानं माझ्याएवढाच, घरी कन्नड बोलतात, मूळ बैलहोंगलकडचे खरं तेच्या आज्ज्यापासून हितंच दुकान हाय हार्डवेअरचं. अण्णा आरसीबीवाला, बेंगळुरूच्या टीमचा, म्हणजे साधासुधा नाही, २००८ ला आम्ही सातवीत होतो तवापासूनचा. २००९ ची फायनल, २०११ ची, २०१६ ची, तिन्ही हरलेल्या तेनं माझ्या शेजारी बसून बघितल्यात आणि तिन्ही वेळा मी तेला सोलून काढलंय, खोटं कशाला बोलू. आमची मुंबई पाच कप घेऊन बसलेली, मग काय, दरवर्षी मार्च उजाडला की हा म्हणणार ई सला कप नम्दे, म्हणजे यंदा कप आमचाच, आणि मी म्हणणार च्याचा कप घे आधी.

तर २७ मे मंगळवारी लखनौनं २२७ केलेले आणि आरसीबीनं ते १८.४ ओव्हरमध्ये काढले, जितेश शर्मानं ३३ बॉलात ८५ मारले. अण्णा हवेत. त्याच रात्री नाथ पै सर्कलजवळ च्या पितापिता पैज लागली. आरसीबीला कप आला तर मी दुकानावर दोन किलो कुंदा आणून द्यायचा आणि एक अख्खा दिवस लाल जर्सी घालून फिरायचं, मुंबईला आला तर अण्णानं दुकानावर निळा झेंडा लावायचा आणि सगळ्यांना मटण घालायचं. दोघांचाही नाही आला तर आमचा तिसरा दोस्त हाय कॅम्पातला, तेला क्रिकेटचं काय नाही, फुटबॉलवाला, तेनं फुकट च्या पाजायचा. तो म्हणाला माझा काय संबंध, आम्ही म्हणालो संबंध नाही म्हणूनच.

गुरुवारी २९ ला पंजाब १०१ मध्ये गुंडाळलं आणि आरसीबीनं बरोबर १० ओव्हरमध्ये संपवलं, मी जेवण वाढून घेऊस्तवर मॅच खलास, आरसीबी फायनलला. शुक्रवारी आमची एलिमिनेटर गुजरातबरोबर, आणि नेमका गल्लीत करंट गेला, म्हणून अण्णाच्या घरी इन्व्हर्टरवर बघालतो. अण्णाची आई, आम्ही अव्वा म्हणतो, तिनं चुरमुऱ्याचं गिरमिट केलेलं आणि मिरची भजी. रोहितचे ८१, आणि मग बुमराहनं वॉशिंग्टन सुंदरला टाकलेला तो यॉर्कर, पोरगं बॅटसकट आडवं झालं, मी एवढ्या जोरात ओरडलो की अव्वा देवघरातनं बाहेर आली काय झालं म्हणून. २० रन्सनी जिंकलो. अण्णा नुसता हसला, फायनलला या म्हणाला, बघून घेतो.

शनिवारी रात्री साडेबाराला चॅम्पियन्स लीगची फायनल, कॅम्पवाला इंटर मिलानचा. इंटरचाच का म्हणून विचारू नका, तेच्या काकानं कधीतरी निळीकाळी जर्सी आणून दिलेली गल्फातनं, तेवढ्यावर आयुष्य काढालाय. सेमीला बार्सिलोनाला कसं काढलं ते महिनाभर ऐकवत होता आम्हाला. म्युनिकला पॅरिसवाल्यांनी ५-० नं धुतलं. तिसरा गोल होईस्तवर आम्ही दोघं दात काढत होतो, चौथ्याला गप झालो, पाचवा झाला तवा तो उठला, जर्सी काढली, घडी घालून कपाटात ठेवली आणि म्हणाला ऑम्लेट कुणाकुणाला पाहिजे. रात्री अडीच वाजता ऑम्लेट खाल्लं तिघांनी, कोण कुणाला काय बोललं नाही.

आणि रविवारी १ जूनला माझी पाळी आली, पंजाबबरोबर, जिंकेल तो फायनलला. अहमदाबादला पाऊस, मॅच सुरूच झाली पावणेदहाला. आम्ही २०३ केले. पहिली बॅटिंग करून दोनशेच्या वर केल्यावर मुंबई आयपीएलमध्ये कधी हरलेली नव्हती, हे मी पहिली इनिंग संपल्यावर अण्णाला चार वेळा सांगितलं, ते आता आठवलं की लाज वाटते. पंजाबचा कॅप्टन श्रेयस अय्यर, आपल्याच मुंबईचा पोरगा, ४१ बॉलात ८७ नाबाद. बुमराहचा पायात आलेला यॉर्कर तेनं थर्डमॅनला असा काय सरकवला की अण्णापण खुर्चीतनं उठला. वढेराचा कॅच बोल्टनं सोडला होता, ते एक. १९ व्या ओव्हरला चार सिक्स आणि खेळ संपला, दीड वाजून गेलेला. अण्णानं मला स्कूटरवरनं घरी सोडलं. दुसरं कोण असतं तर रस्ताभर सालटी काढली असती, हा एक शब्द बोलला नाही, पावसाची भुरभुर चाललेली, दारात उतरल्यावर फक्त म्हणाला, परवा ये हं, एकट्याला बघवत नाही मला फायनल.

मंगळवारी आरसीबी-पंजाब फायनलला गल्लीत पडदा लावलेला. आरसीबीचे १९० म्हणजे कमीच वाटालते. कृणाल पंड्यानं चार ओव्हरमध्ये १७ देऊन दोन काढले, आमचाच जुना माणूस, २०१७ ला पुण्याबरोबरच्या फायनलला मॅन ऑफ द मॅच होता तो, तवा आमच्याकडनं. शेवटच्या ओव्हरला पंजाबला २९ पाहिजे होते आणि अण्णा पडद्यासमोरनं उठून घरामागं तुळशीपाशी जाऊन उभा राहिला, म्हणाला तू ओरडून सांग. पहिले दोन डॉट. मी ओरडलो. मग शशांकनं सिक्स, फोर, सिक्स, सिक्स मारले, ते मी बारीक आवाजात सांगितलं. ६ रन्सनी जिंकले. २००९ ला हरलेले तेपण ६ च रन्सनी, हे तेनंच नंतर सांगितलं, रडता रडता. तिकडं कोहली रडालता, हितं ह्यो. मी पण थोडा, कुणाला सांगू नका. तेनं एक्सएल जर्सी आधीच आणून ठेवलेली, माझ्या अंगात घातली आणि आम्ही तिघं एका स्कूटरवर चन्नम्मा सर्कलपर्यंत जाऊन आलो, बाराच्या पुढं, भिजत.

बुधवारी सकाळी मी कुंदा घेतला, दोन किलो, पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळेला न्यायचा ठरवलेला. आणि संध्याकाळी बेंगळुरूची बातमी आली. आरसीबीच्या जल्लोषाला जमलेल्या गर्दीत स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी, ११ माणसं गेली. अण्णाच्या मावशीचा पोरगा तिकडं नोकरीला असतोय, तो गेलेला तिथं. फोन लागेना. अण्णा दुकानाच्या पायरीवर बसलेला, शटर अर्धं खाली. सात वाजले, आठ वाजले. नऊच्या पुढं कुणाच्या तरी फोनवरनं त्याचा फोन आला, पायाला मार लागलाय, चपला गेल्या, मोबाईल गेला, बाकी धडधाकट हाय. अव्वानं आत फोन ठेवला आणि एवढंच म्हणाली, आराम अदान, म्हणजे बरा हाय. मी कुंद्याची पिशवी सायकलला अडकवलेली ती तशीच घरी परत आणली.

आज चार दिवस झाले. अण्णानं दुकानावरचा झेंडा स्वतःच उतरवला. बोलतोय सगळं, सिमेंट, पाऊस, खतं, खरं मॅचचा विषय निघाला की होगली बिडो म्हणतोय, म्हणजे जाऊ दे सोड. आता मला सांगा, कुंदा द्यायचा की नाही? दिला तर लोकं गेलीत आणि हा पेढे वाटतोय असं होणार, नाही दिला तर अठराव्या सीझनला एकदा जिंकला तवा ह्यानं पैज चुकवली असं तेच्या मनात राहणार. आणि जर्सीचं काय, दिवसभर घालायची बाकी हाय अजून. आमच्या गल्लीतले एक काका तर आधीच म्हणालेत, मुंबईचा म्हणवतोस आणि लाल घालून नाचतोस, लाज सोडलीस काय.

---

खानापूरची_लेक
८ जून, रात्री ११.५२

पहिलं कुंद्याचं सांगते कारण बाकीचे त्यावर बोलणार नाहीत. बुधवारी आणलास म्हणजे आज पाचवा दिवस. फ्रीजमध्ये आहे म्हणतोस पण पुठ्ठ्याच्या बॉक्समध्येच ठेवलायस का? तसा असेल तर फ्रीजमधल्या लसणाचा वास धरला असणार. आधी डब्यात काढ. खव्याचा पदार्थ आहे, जरा आंबूस लागला तर कुणाला देऊ नको, टाक आणि नवीन आण, दोस्तीत शिळा कुंदा चालत नाही. चांगला असेल तर नुसता कोरडा झालेला असतो, जाड बुडाच्या कढईत दोन चमचे दूध घालून मंद आचेवर परतून घे, दाणा परत सुटा होतो. मायक्रोवेव्हमध्ये घालू नको, कडेनं दगड होतो.

आता त्या काकांचं. त्यांना विचार, आरसीबीला पहिला कप कुणी आणून दिला? २०२४ ला पोरींनी आणला, दिल्लीला दिल्लीतच हरवून, आणि कॅप्टन कोण होती, स्मृती मानधना, सांगलीत वाढलेली. ज्या जितेश शर्मानं तुझ्या दोस्ताला हवेत नेलं तो अमरावतीचा. तुमचा निळा हार्दिक आणि त्यांचा लाल कृणाल हे सख्खे भाऊ. मग आता कुणी कुठल्या रंगावर लाज सोडायची म्हणतात काका? माझ्या माहेरी खानापूरला चार भावांत दोन मुंबई, एक चेन्नई, एक आरसीबी, आणि जेवायला एकाच पंगतीला.

---

सीमावासी_१९५६
९ जून, सकाळी ७.०५

काका बरोबर बोलले असं माझं मत. मला क्रिकेटमधलं फार कळत नाही आणि तुमच्या दोस्तीबद्दल वाईट बोलायचं नाही, पण आमच्या पिढीनं सीमालढ्यात काय काय सोसलंय ते तुम्हा पोरांना दोन स्कूटरच्या फेऱ्यांत विसरायला होतं. लाल जर्सी घाल, पिवळी घाल, पण नेमकं कानडी राणीच्या नावाच्या चन्नम्मा सर्कललाच जाऊन नाचायचं काय नडलं होतं? संभाजी चौक नव्हता?

कुंदा मात्र द्यावा. शब्द दिलाय तो पाळावा.

---

वडगावचा_मागवाला
९ जून, सकाळी ७.४०

काका तुमच्या वयाचा मान ठेवून बोलतो. मी दरवर्षी १ नोव्हेंबरला, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत असतो, आमच्या बाबांनी पण केलंय, माग बंद ठेवून जातो त्या दिवशी, मजुरी बुडवून. आणि कोहली शून्यावर आउट झाला की मला त्या रात्री जेवण जात नाही. दोन्ही माझ्याच पोटात आहेत आणि त्यांची आपापसात कधी मारामारी झालेली मला तरी आठवत नाही. फेरीत मी कुठल्या टीमची जर्सी घालून जात नाही आणि मॅचला भगवी टोपी घालून बसत नाही, संपलं.

बाकी नाचायला चन्नम्मा सर्कल कारण रात्री बाराला तेवढा एकच मोकळा रस्ता असतोय आणि च्याची गाडी चालू असते, एवढंच कारण असणार ओ काका, पोरगं काय ठरवून गेलेलं नाही.

---

निपाणीकर_वाण
९ जून, सकाळी १०.१५

तुझा आठवडा वाचून मला आमच्या घरातलं २०१४ चं आठवलं, ते सांगतो, त्यातनं काय घ्यायचं ते घे.

रणजीची फायनल, महाराष्ट्र आणि कर्नाटक, हैदराबादला. लोकांना आता रणजी म्हटलं की झोप येते पण आमचे बाबा म्हणजे रणजीचे खुळे, रेडिओ कानाला लावून तंबाखूच्या वखारीत बसायचे. महाराष्ट्र कितीतरी वर्षांनी फायनलला गेलेला, केदार जाधवनं त्या सीझनला बाराशेच्या वर रन्स काढलेले, बाबा म्हणायचे यंदा आणतोय बघ पोरगा. आणि वखारीत हिशेबाला एक आप्पा होते, चिकोडीच्या पलीकडचे, पंचवीस वर्षं बाबांच्या समोरच्या गादीवर. आप्पा कर्नाटकवाले. पाच दिवस दोघांचा कारभार काय विचारू नकोस. बाबा म्हणणार आप्पा जरा पंखा लावा, आप्पा म्हणणार आधी विकेट पडू दे मालक. केएल राहुलनं सेंच्युरी मारली तेव्हा बाबांनी रेडिओच बंद केला तर आप्पांनी खिशातनं आपला छोटा रेडिओ काढला. तो कधी विकत घेतलेला आम्हाला आजपर्यंत कळलं नाही.

कर्नाटक ७ विकेटनी जिंकलं. मला वाटलं दुसऱ्या दिवशी आप्पा पेढे घेऊन येणार आणि बाबा भडकणार. आप्पा आले, चपला काढल्या, गादीवर बसले, वही उघडली, पेढे नाही की काही नाही. च्या आल्यावर म्हणाले, मालक, जाधव मात्र वर्षभर भारी खेळला बघा. बाबांनी काहीच उत्तर दिलं नाही, दुपारी आईला सांगून आप्पांच्या डब्यात श्रीखंड घातलं. पैज वगैरे काही लागलेली नव्हती त्यांची.

आता बाबा नाहीत. आप्पा अजून येतात दर दिवाळीला, च्या पितात, आणि कुठली तरी रणजीची मॅच काढून बसतात माझ्याबरोबर, मला त्यातलं निम्मं माहीत नसतं.

तुझ्याबाबतीत म्हणशील तर कुंदा दे पण पैजेचा म्हणून देऊ नको. बॉक्स उघडून ही घे पैज असं केलंस तर तो होगली बिडोच म्हणणार.

---

चंदगडी_पाव्हणा
९ जून, दुपारी १.३०

हाहाहा मी तर उलटाच प्राणी हाय बघा, महाराष्ट्रात राहून आरसीबीवाला. आमचं चंदगड तालुक्यातलं गाव, बाजार करायला बेळगावला येतोय, दवाखाना बेळगाव, लग्नाचा बस्ता बेळगाव, कोल्हापूर लांब पडतं, मग टीम तेवढी मुंबईची कशाला धरू? आमच्या तालुक्यात माझ्यासारखे लई हाईत. उलट मला इकडं शिव्या पडतात, कर्नाटकवाला म्हणून, आणि तिकडं बाजारात आलो की मी पाव्हणा.

आणि एक ऐका, तुमच्याच बेळगावचा रोनित मोरे, नाव बघा, आडनाव बघा, आणि रणजी खेळला कर्नाटकाकडनं, फास्ट बॉलर. बेळगाव केएससीएच्या, म्हणजे कर्नाटक क्रिकेट असोसिएशनच्या, धारवाड झोनमध्ये येतंय, तर तो काय मुंबईकडनं खेळणार होता? पोरांनी बॉल टाकायचा का नकाशा बघत बसायचं.

जर्सीचं मात्र पैजेत कबूल केलंयस, घालायला लागणार. मी तर म्हणतो ह्या बाजारादिवशी घालून ये, मी पण घालून येतो, दोघं मिळून काकांना नमस्कार करून येऊ 😀

---

बेंगळुरात_बेळगावी
९ जून, रात्री ९.४५

मी अनगोळचा, सात वर्षं झाली इकडं. बुधवारी ऑफिसातली निम्मी पोरं दुपारीच निघालेली, मला पण चल म्हणाले, माझा एक कॉल होता म्हणून थांबलो, एवढंच. नंतर रात्री घरी जाताना रस्त्याकडेला चपला बुटांचे ढीग बघितले, लहान पोरांच्या पण होत्या. त्याच्यावर जास्त लिहीत नाही.

एक सांगतो, त्या मावशीच्या पोराला तू स्वतः फोन कर. आदल्या रात्री जिंकल्यावर आमच्या इथं पण लोकांनी अनोळखी माणसांना मिठ्या मारल्या, मी पण मारल्या, एक टेम्पोवाला आमच्याबरोबर नाचला सिग्नलला, आणि चोवीस तास झाले नाहीत तर हे. आता इकडं मॅचचा म पण कोण काढत नाही. तुझा अण्णा झेंडा उतरवून बसलाय ते मला पूर्ण कळतंय. त्याला जिंकल्याचा आनंद झाला ह्याचंच त्याला आता कसंतरी होत असणार. मला तरी होतंय. म्हणून तू कुंद्याचं, जर्सीचं काही बोलण्याआधी त्या पोराच्या पायाचं विचार.

पण कुंदा टाकू नकोस बाबा, इकडं आम्हाला कुणी बेळगावहून येणार असला की आधी तेच सांगतो, तुझ्या फ्रीजमध्ये पडून आहे म्हणून वाचलं आणि जीव तुटला.

---

खानापूरची_लेक
९ जून, रात्री १०.१०

@बेंगळुरात_बेळगावी हे बरोबर. आणि @शहापूरचा_निळा मला रात्रभर तुझा प्रश्न डोक्यात होता (नवरा म्हणाला कुठल्या पोराच्या कुंद्यात अडकलीस), तर ऐक. पैज तुझी आणि अण्णाची, मग ती तशीच राहू दे सध्या. कुंदा अव्वाला दे. तिचा भाचा जिवावरच्यातनं वाचून आलाय, त्या घरी गोड घेऊन जाणं ह्यात कुणाला काय वावगं वाटणार? शुक्रवारी तिच्या हातचं गिरमिट खाऊन तिच्याच घरात मुंबईच्या नावानं ओरडलायस, तेवढं देणं तर आहेच तुझं. देवासमोर ठेवायला सांग, ती ठेवेल, मग घरात कोण खाईल ते खाईल. अण्णानं खाल्ला तर खाल्ला.

---

शहापूरचा_निळा
९ जून, रात्री १०.३५

हे डोक्यातच आलं नव्हतं ओ ताई. उद्या करतो. कुंदा आताच बघितला, वास चांगला हाय, पुठ्ठ्यातनं काढून स्टीलच्या डब्यात घातला.

सीमावासी काका, रागावू नका, संभाजी चौकातपण गेलेलो, येताना. स्कूटरवर तिघं होतो म्हणून पोलिसांना बघून बोगारवेशीतनं वळलो एवढंच 🙏

---

सीमावासी_१९५६
१० जून, सकाळी ६.५०

रागावलेलो नाही. ट्रिपल सीट जाऊ नये.

---

शहापूरचा_निळा
११ जून, रात्री ९.०५

काय झालं ते सांगतो, बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलंय.

काल सकाळी मावशीच्या पोराला फोन केला, अव्वाकडनं नंबर घेतला. पाय प्लॅस्टरात हाय, घरी बैलहोंगलला येणार म्हणाला शनिवारी. मॅचचं मी काय काढलं नाही, तोच म्हणाला, ट्रॉफी लांबनं पण दिसली नाही बघा, नुसती माणसांची डोकी. मग जरा थांबला आणि म्हणाला, तुमची मुंबईपण चांगली खेळली यंदा. कोण बोलालाय, पाय मोडलेला माणूस. मला काय बोलायचं सुचलं नाही, हो हो म्हणून ठेवला.

संध्याकाळी डबा घेऊन गेलो. ताईंनी सांगितल्यासारखं दूध घालून परतला होता, आईनं केलं, मी ढवळलं. अण्णा दुकानात, मी मागच्या दारानं सरळ अव्वाकडं. पोरगं वाचलं म्हणून देवापुढं ठेव म्हणालो. तिनं डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला, दिवा लावला, ठेवला. तेवढ्यात अण्णा आत आला पाणी प्यायला. डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, अव्वाला आणलाय, तुझा काय संबंध नाही. तो काय बोलला नाही. पाणी प्याला, परत बघितलं, आणि मग म्हणाला,

“दोन किलो ठरलेलं. ह्यो दीडच दिसतोय.”

खरं सांगू काय, दीडच होता. कोल्हापूरची भाचरं आलीत आमच्याकडं सुट्टीला, तिकडच्या शाळा अजून सुरू नाहीत, चार दिवसांत कधी अर्धा किलो उडवला मला पत्त्या नाही. मी म्हणालो वजन करू काय तुझ्या काट्यावर, तर म्हणाला तो खिळ्यांचा काटा हाय, तेच्यावर मिठाई ठेवलीस तर अव्वा दोघांना बाहेर काढंल. मग अव्वानं तिघांना वाटीत दिला. कॅम्पवाल्याला फोन करून बोलावला, तो येऊन दुसरी वाटी पण मागून गेला, इंटरचा अजून कुठला तरी चषक व्हायचा हाय म्हणे ह्याच महिन्यात अमेरिकेत, त्याच्यावर पैज लावता काय म्हणून विचारालता. आम्ही दोघांनी एकदम नाही म्हणून सांगितलं.

अर्धा किलोची उधारी अण्णानं दुकानाच्या वहीत लिहिलीय, माझ्या नावावर, अर्धा किलो कुंदा, बाकी. खाली तारीख पण घातलीय.

---

चंदगडी_पाव्हणा
११ जून, रात्री ९.२०

आणि जर्सी??

---

शहापूरचा_निळा
११ जून, रात्री ९.३१

धुवून वाळत घातलीय तीन दिवस झाले, वाळंना झालीय. पाऊस थांबू दे, मग बघू.